किटेरियाच्या नावावर

"बाई, तुमचं नाव मळलेलं दाखवतंय," घरं भाड्यानं लावून देणाऱ्या कचेरीतला माणूस म्हणाला. बोलताना त्यानं आवाज खाली घेतला होता, त्यामुळे बाकावर बसलेल्या दोघांनी कान टवकारले. किटेरियानं आधी आपल्या हातांकडे पाहिलं. अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई होती, ती कायमचीच. मग तिला वाटलं हा दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय, आणि तिनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीवर एका पतपेढीचं कॅलेंडर होतं. "किटेरिया आल्व्हेस दो रोझारिओ," त्यानं संगणकावरून वाचलं, "करखात्याचा क्रमांक तुमचाच ना?" तिनं अकरा आकडे घडाघडा म्हणून दाखवले, आणि तो मान डोलवत राहिला. बेलें शहरात कुठल्याशा दुकानाचे चार हप्ते थकले होते आणि ते थकबाकीदारांच्या देशभरच्या यादीत चढले होते. बेलें इथून, रेसिफीपासून, दोन हजार किलोमीटरवर. किटेरियानं ते नकाशातसुद्धा कधी लक्ष देऊन पाहिलेलं नव्हतं. "मी आयुष्यात हप्त्यानं चमचादेखील घेतला नाही," ती म्हणाली. "सगळे असंच म्हणतात, बाई," तो म्हणाला, पण त्यात खवचटपणा नव्हता, नुसता दमलेपणा होता. "शुक्रवारपर्यंत धुऊन आणा. घरमालकीण तोवर थांबायला तयार आहे. पुढे मी काही करू शकत नाही." ते घर कासा आमारेला भागात तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आंब्याचं झाड होतं. किटेरिया ते तीनदा पाहून आली होती. तिसऱ्यांदा ती खिडकीपाशी उभी राहून नुसतीच झाडाकडे बघत राहिली होती, आणि कुठल्या खिळ्याला चहाची गाळणी टांगायची हेही तिचं ठरलं होतं. राहती जागा महिनाअखेर सोडायची होती. ती उठली, त्या माणसाला थँक्यू म्हणाली, आणि बाहेर उन्हात आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण थँक्यू कशाबद्दल म्हणालो ते आपल्याला माहीत नाही.

ती नोंदणी कचेरीत सह्या जुळवायची. सत्तावीस वर्षं तेच. माणूस खिडकीशी येतो, करारपत्र नाहीतर गाडीविक्रीचा कागद पुढे सरकवतो. किटेरिया ड्रॉवरमधून त्याचं जुनं सहीचं कार्ड काढते, दोन्ही सह्या शेजारी ठेवते, बघते, आणि शिक्का मारते की ही सही ह्याच माणसाची आहे. ह्या शहरात त्या शिक्क्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. लोक सह्यांचा आकार बघतात, ती बघायची पेन कुठं टेकलं आणि कुठं उचललं. माणसं जाड होतात, लग्नं करतात, दारू सोडतात, पण पेन उचलायची जागा सहसा बदलत नाही. जे लिहायला शिकलेच नाहीत आणि नुसतं नाव काढायला शिकले त्यांच्या सह्या ती दुरून ओळखायची. तिथं पेन प्रत्येक अक्षराला थांबतं. वर्षातून पाच-सहा वेळा ती म्हणायची, "जुळत नाही," आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. ते म्हणताना तिला बरं वाटायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वभावानं ती नाकासमोर चालणारी. कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही, एवढ्यावर तिचं सगळं बेतलेलं होतं. नवरा होता तोवर त्याला ह्याचा फार राग यायचा. तो आता मासेयोमध्ये दुसऱ्या बायकोबरोबर राहत होता आणि तेही रीतसर कागद करून, तिच्याच कचेरीतून.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून तिनं आपला पतअहवाल वाचला. सात पानं होती. शेजारच्या खिडकीवरची व्हाल्देनिरा डब्यातला मक्याचा कुसकुस खात खात तिच्या खांद्यावरून वाचत होती, विचारायची तिला सवयच नव्हती. "अगं बाई, तू तर भलतीच रंगेल निघालीस," ती म्हणाली. "दोन शिलाई मशिनं! आम्हाला एक ब्लाऊजसुद्धा शिवून दिला नाहीस कधी." किटेरियानं पेन्सिल घेतली आणि चुकीच्या नोंदींसमोर फुल्या मारायला सुरुवात केली. राहण्याचे पत्ते पाच : तीन रेसिफीचे, तिचेच, दोन बेलेंमधल्या जुरुनास वस्तीतले. त्यांवर फुली. टेलिफोन दोन, एक तिचा, एक शेवटी एक्केचाळीस असलेला. त्यावर फुली. शिलाई मशीन, एकोणीसशे नव्वद, फेडलं. दुसरं, नव्व्याण्णव, फेडलं. दोन पंखे. पाळणा. शाळेच्या गणवेशाचं दुकान, सलग अकरा वर्षं, दर फेब्रुवारीत. आसाईची फळं घुसळायचं यंत्र, पोलादी, चार हप्ते थकीत. अंत्यविधीची मासिक वर्गणी, एकोणीस वर्षं, एकही चुकलेली नाही. "स्वतःच्या मयताचे पैसे वेळेवर भरणारी बाई लबाड नसते," व्हाल्देनिरा बोट चाटत म्हणाली. "आणि वयाचं बघ, छप्पन्न लिहिलंय. ते तरी खोडायला सांग त्यांना. तू पन्नासच्या वर एक दिवस दिसत नाहीस. काय लावतेस तोंडाला ते एकदा आम्हाला कळू दे." हे ती दर वाढदिवसाला म्हणायची आणि किटेरिया दर वाढदिवसाला हसायची. आज ती हसली नाही. जन्मतारीख बावीस मे एकोणीसशे त्रेसष्ट. जन्मदाखल्यावरही तीच होती आणि कचेरीच्या नोकरपत्रकातही तीच. त्या तारखेवर तिनं फुली मारली नाही, पण पेन्सिल तिथं थोडा वेळ थांबली.

ती तारीख तिची नव्हती. हे काही गुपित नव्हतं, निदान पोसो-दांतामध्ये नव्हतं. आत खोलवर दुष्काळी मुलखात ती चाळीस घरांची वाडी. नोंदणी कचेरी गाढवावरून दीड दिवसाच्या वाटेवर. बाप एकदाच तिथवर गेला होता, पहिल्या मुलीची नोंद करायला, आणि पुढच्या एकाही पोरासाठी परत गेला नाही. शेवटची ही, हिला घरात सगळे नेना म्हणायचे, म्हणजे बाळ, आणि पंधरा वर्षं तेवढ्यावर भागलं. मग रेसिफीत एका कापडगिरणीत कामाला लावायचं ठरलं, तिथं वय अठरा पूर्ण लागत होतं आणि कागद लागत होता. आईनं फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत बापाचं मतदार कार्ड, एका गायीची पावती आणि चौघडी घातलेला दाखला. "हा घे. थोरलीचा आहे. ती वारली लहानपणीच, तिला काय करायचाय," आई म्हणाली आणि डबा बंद केला. नेना पंधरा वर्षांची होती, उठली ती एकवीस वर्षांची किटेरिया होऊन बसमध्ये चढली. वाडीत हे बऱ्याच घरांत चालायचं. मेलेल्याचा कागद जिवंताच्या कामी येतो, टाकायचा कशाला? पहिले काही महिने गिरणीत कुणी हाक मारली की तिला उशिरा ऐकू यायची. मुकादम म्हणायचा, ही पोरगी ठार बहिरी आहे. पुढं ती सवय मोडली. सही बसवायला तिनं एक अख्खी वही भरवली होती. ती वही आठवली की तिला अजूनही मनगटात कळ आल्यासारखं होई. आणि आई म्हणायची, तू आलीस तेव्हा उंबू पिकले होते. उंबूची फळं काही मे महिन्यात पिकत नाहीत, ते त्याच्या कितीतरी आधी संपतात. म्हणून किटेरियाचे दोन वाढदिवस होते. एक मे महिन्यात, केक कापून, व्हाल्देनिराच्या टोमण्यांसकट. दुसरा वर्षाच्या सुरुवातीला कधीतरी, बाजारात उंबू आल्यावर, त्याला तारीख नव्हती. त्या दिवसांत ती पावशेर उंबू घ्यायची आणि घरी मोरीत उभी राहून खायची. आंबट असायचे. दुसऱ्या कुणाला ती त्यातलं एकही देत नसे.

बुधवारी ती पतनोंदीच्या कचेरीत गेली. तिथला कारकून तरुण होता, त्याचं नाव जेफेर्सन, आणि तो अतिशय समजूतदारपणे बोलत होता, दिवसाला चाळीस रडणारी माणसं पाहिलेल्या माणसाला जमतं तसा. "फसवणूकच आहे, किटेरियाबाई. कुणीतरी तुमचा क्रमांक वापरतंय. आक्षेपाचा अर्ज भरा, ह्या नोंदी माझ्या नाहीत, ही व्यक्ती मला माहीत नाही, खाली सही, सही जुळवून आणा. जन्मदाखला मूळ प्रत. बस." त्यानं दुकानाकडून आलेली कराराची प्रत तिच्यापुढे ठेवली. आसाईचं यंत्र, एक नग. खाली सही. किटेरियाचे डोळे आपोआप पेन उचललेल्या जागा शोधू लागले. प्रत्येक अक्षराला थांबलेलं पेन होतं. नाव तेच, आडनावं तीच, पण 'किटेरिया'मधलं पहिलं अक्षर इतकं मोठं काढलेलं की बाकीची त्याच्या पदराआड उभी असल्यासारखी दिसत होती. जुळत नाही, ती मनात म्हणाली. नेहमीचं बरं वाटणं आलं नाही. मग ती वरचा मजकूर वाचू लागली. आईचं नाव : मारिया गेर्सिना दो रोझारिओ. हे फसवणाऱ्याला मिळू शकतं. जन्मतारीख : तीच. हेही मिळू शकतं. जन्मगाव : पोसो-दांता.

तिच्या कुठल्याच कागदावर पोसो-दांता नव्हतं. दाखल्यावर तालुक्याचं नाव होतं, नोकरपत्रकात जिल्ह्याचं, आणि नवऱ्याला तिनं कधी वाडीचं नाव सांगितलं असेल तर तो विसरला होता. जी जागा आता धरणाच्या पाण्याखाली आहे आणि टपालखात्याला कधी ठाऊकच नव्हती, तिचं नाव बेलेंच्या दुकानदाराला तिथंच जन्मलेल्या माणसाशिवाय कोण सांगणार?  जेफेर्सन बोलत होता. "कधीकधी असंही होतं, दोघांचं नाव एक, आईचं नाव एक, तारीख एक. जुन्या काळी करखात्यात असली जोडी आली की कारकून म्हणायचा, तुम्हाला क्रमांक आधीच दिलेला आहे, हा घ्या, दुसरी प्रत. दोघं वर्षानुवर्षं एकाच क्रमांकावर. सगळे हप्ते भरले जातात तोवर कुणाला पत्ता लागत नाही." किटेरियानं विचारलं, मग क्रमांक कुणाचा? "ज्याच्याकडे मूळ दाखला त्याचा. तुमच्याकडे आहे ना? मग झालं. दुसरी बाई रद्द." "रद्द म्हणजे?" "म्हणजे तिचा क्रमांक गेला. धंद्याचा परवाना, दवाखान्याचं कार्ड, पुढची पेन्शन, सगळं त्यावरच असतं." त्यानं खांदे उडवले. "तुम्ही कशाला काळजी करता? ती तुमची कोण?"

ती पुलावरून चालत निघाली. नदीला भरती आली होती, पाणी उलटं चढत होतं, आणि त्यावर प्लास्टिकची एक खुर्ची शांतपणे समुद्राकडून शहराकडे येत होती. तिला काही जाणवत नव्हतं, आणि आपल्याला काही जाणवत नाही हे मात्र तिला फार स्पष्ट जाणवत होतं. दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, आई तिला घेऊन वाडीबाहेरच्या लाकडी क्रुसापाशी जायची. लहान पोरं पुरायची जागा ती, तिथं कुणाचं नाव लिहीत नसत. आई दोन मेणबत्त्या लावायची, एक लहानपणी गेलेल्या झुकाची, एक बिनानावाच्या बाळाची. घरात बोललं जायचं तेव्हा गेलेली पोरं तीन असायची. नेना सहाएक वर्षांची असेल. तिनं विचारलं, "आणि किटेरियाची?" आई वाऱ्यापुढे हात धरून बसली होती. "तिला लागत नाही," आई म्हणाली. एवढंच. नेनाला तेव्हा वाटलं की थोरल्या माणसांना लागत नसेल, किंवा मेणबत्त्या महाग असतील, आणि दुसऱ्याच क्षणी ती मुंग्या बघू लागली. चव्वेचाळीस वर्षं ते वाक्य तिच्या डोक्यात पडून होतं आणि तिनं ते कधी उचलून पाहिलं नव्हतं. रोज दुसऱ्यांच्या सह्यांत खोट काढणारी बाई, आणि स्वतःच्या घरातल्या तीन पोरांना दोन मेणबत्त्या हे तिला कधी खटकलं नाही! तिला स्वतःची चीड आली. मग आईची आली, आणि ती जास्त वेळ टिकली. सत्तरचा दुष्काळ. त्या वर्षी अर्धी वाडी उत्तरेला गेली, तिकडं जंगलात रस्ता काढतायत आणि जमीन फुकट देतायत म्हणून. थोरलीची धर्मआई, दोना झुल्मिरा, तीही गेली. तिला मूल नव्हतं, हे किटेरिया लहानपणी ऐकून होती. जाताना तिनं काय काय नेलं हे मात्र कुणी कधी बोललं नव्हतं. सात वर्षांची पोर दिली, हे वाडीला माहीत असणार. पण देणं सांगता येत नाही, वारली म्हणून सांगता येतं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि आता तिला विचारायला जागा उरली नव्हती. पुलाच्या कठड्याला धरून किटेरिया उभी राहिली. तापलेलं लोखंड हाताला चटका देत होतं, तो तिनं थोडा वेळ घेतला.

गुरुवारी सकाळी तिनं अर्ज भरला. तिचं अक्षर सुरेख होतं, सगळे म्हणायचे. 'ह्या नोंदी माझ्या नाहीत' ह्यापुढे फुली. हे खरं होतं. 'ही व्यक्ती मला माहीत नाही' ह्यापुढे फुली. हेही तसं खरंच होतं. तिला काय माहीत होतं? पाळणा घेतलेला, अकरा गणवेश, कधीतरी शिलाई सुटली आणि आसाई आली, उकाड्याचे दोन पंखे. तिनं सही केली आणि अर्ज व्हाल्देनिराच्या खिडकीवर नेला, कारण स्वतःची सही स्वतः जुळवता येत नाही. व्हाल्देनिरानं थाटात कार्ड काढलं, चष्मा नाकावर चढवला, आणि रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सादर प्रणाम, मळलेल्या बाई. ओळखपत्र दाखवा. आम्ही कुणाला तोंड बघून शिक्का देत नाही." मग जवळ वाकून म्हणाली, "तुझा रंग उडालाय. घर मिळेल गं. त्या खिडकीत मला एक खुर्ची ठेव म्हणजे झालं." शिक्का बसला. ही सही किटेरिया आल्व्हेस दो रोझारिओ हिचीच आहे. किटेरियानं तो ओला शिक्का वाळेपर्यंत पाहिला. सत्तावीस वर्षांत हा मजकूर तिनं हजारो लोकांसाठी मारला होता, स्वतःसाठी पहिल्यांदाच, आणि तो खोटा होता. बरं, खोटा तरी कसा म्हणायचा, तिची सही दुसरी कुठली होती?

दुपारी उशिरा नोंदींच्या टेबलावर तिची पाळी होती. जन्माची नोंद राहून गेलेली मोठी माणसं तिथं येत. बहुतेक आतल्या मुलखातली, टोपी हातात घेतलेली. त्या दिवशी एक म्हातारा होता, सोबत दोन साक्षीदार, दोघेही त्याच्याहून तरुण. किटेरियानं नेहमीचा प्रश्न विचारला, "जन्म पाहिलेलं किंवा जन्मापासून ओळखणारं कुणी आहे?" म्हातारा विचारात पडला. "बाई, मला जन्मताना पाहिलेले सगळे मेले," तो म्हणाला. "मी एकटाच उरलो आणि मला आठवत नाही." साक्षीदार हसले, रांग हसली. त्याचं काम दुसऱ्या कलमानं झालं, तशी सोय असते. तो गेल्यावर किटेरियानं 'भोजनाची सुट्टी' लिहिलेली पाटी लावली, घड्याळात सव्वातीन वाजले होते तरी, आणि मागच्या खोलीत जाऊन अहवालाचं दुसरं पान काढलं. शेवटी एक्केचाळीस असलेला क्रमांक. त्यावर तिनंच मारलेली फुली होती. तिनं तो फिरवला. 

"आसाई संपली, चारनंतर या," पलीकडून आवाज आला. रुंद, घाईतला, जरा घोगरा.

"मला आसाई नकोय."

"मग वसुलीवाली असशील. हे बघ बाई, मनगट मोडलं होतं माझं. चार महिने यंत्राला हात नाही लावला. पुढच्या महिन्यापासून देते म्हणून तुझ्या त्या दुसऱ्या बहिणीला परवाच सांगितलंय. रोज फोन केल्यानं हाड लवकर धरतं का?"

"मी वसुलीवाली नाही."

"मग कोण गं?"

पस्तीस वर्षं ह्या प्रश्नाचं उत्तर तिच्या जिभेवर तयार असायचं. आताही ते आलं, ओठांपर्यंत आलं, आणि तिला कळलं की ते पलीकडच्या बाईचं आहे.

"नेना," ती म्हणाली.

"कुठली नेना?"

"पोसो-दांताची. गेर्सिनाची."

पलीकडे काहीतरी घरघरत होतं, पंखा असावा. कुणीतरी सुट्टे मागितले आणि बाईनं "थांब रे" म्हटलं, मग पुन्हा "थांब" म्हटलं, दुसऱ्या आवाजात. किटेरिया फोन कानाला घट्ट दाबून उभी होती. समोरच्या भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचं छायाचित्र असायचं ते काढलेलं होतं आणि तिथला चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता.

"ती तर रांगत होती," शेवटी बाई म्हणाली. "दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. पोट हे एवढं, पाय काड्या." पलीकडे सुट्टी नाणी खुळखुळली. "चालायला लागलीस का गं शेवटी?"

किटेरियाला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली, कसलाही आवाज न करता, कारण दाराबाहेर रांग होती. "लागले," ती म्हणाली. "लागले, ताई."

"धर्मआई म्हणाली होती, त्या वर्षी तिकडची एकही बारकी पोर वाचली नाही. मी दर दोन नोव्हेंबरला मेणबत्ती लावते तुझी. जाडी, सात दिवस चालते ती. एकोणपन्नास लावल्या." तिनं नाक ओढलं. "आता त्याचे पैसे कोण देणार मला?"

मग किटेरियानं सांगितलं. डबा, दाखला, गिरणी, क्रमांक, सगळं ओळीनं, कचेरीत सांगावं तसं. तिला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगताच आलं नसतं. पलीकडची किटेरिया मधेमधे "हां" म्हणत होती. "म्हणजे करखात्यातल्या त्या बाईनं मला सांगितलं, तुम्हाला क्रमांक आधीच दिलाय, तो तुला दिलेला होय? मी बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन गेले होते, घाबरत घाबरत. घरी येऊन म्हटलं, बघा, सरकारला माझी आठवण आहे!" ती हसली, आणि ते हसू आईचं होतं, शेवटी खाली पडणारं.  "मग तो कागद अजून आहे? माझा?"

"आहे. माझ्या बॅगेत."

"बाबा गेले होते त्यासाठी. गाढवावरून. मला आई सांगायची, तुझ्यासाठी बाप तीन दिवस गेला होता." ती थांबली. "बाकी कुणासाठी गेला नाही."

टेबलावर अर्ज पडला होता, शिक्का मारलेला. उद्या दुपारपर्यंत तो दिला की आंब्याच्या झाडाची खिडकी तिची होती, आणि जुरुनास वस्तीतली छप्पन्न वर्षांची ही बाई नव्हतीच. ती खिडकी तिला फार हवी होती. आताही हवी होती, त्यात काही फरक पडला नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "मला नोंद करून घ्यावी लागेल. माझी स्वतःची. साक्षीदार लागतो. माझा जन्म पाहिलेलं माणूस."

"मी होते की! मला बाहेर घालवलं होतं आईनं, उंबू वेचायला. ओटा भरून घेऊन आले तर तू चटईवर. लालेलाल, ओरडत होतीस. मी एक उंबू तुझ्या तोंडाला लावला, आईनं मला चापट मारली." घरघर चालूच होती. "तारीख काही मला सांगता येणार नाही. पण बाबा घरात नव्हते. बाजाराला गेले होते. पोसो-दांतात बाजाराला जायचे ते फक्त शनिवारी."

बाहेरून व्हाल्देनिरानं दारावर टकटक केली, रांग वाढली म्हणून. किटेरियानं तिला थांब म्हणून हात केला. मग तिनं आक्षेपाचा अर्ज उलटा केला, पेन घेतलं, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर, एकेक अक्षर थांबत, लिहिलं : शनिवार.